पीथमपूरच्या कारखान्यात खेळ सुरू करायचा आहे, तर आधी बसचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीथमपूरला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही सुपरवायझर आहात, राहायला इंदूरला सुदामानगरात. कामगारांचा खेळाचा गट सुरू करायचं मनात आहे. ‘कामगारांचं ऑलिंपिक’ असं काहीतरी कानावर आलं. ते खरंच होतं का, अजून भरतं का, आपल्या लोकांना तिथे जाता येईल का, ‘हौशी’ कोणाला म्हणायचं आणि सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवं आहे. मी शारीरिक शिक्षणातला माणूस. शाळेत शिकवलं, नंतर बराच काळ कामगार वसाहतींत आणि कारखान्यांत खेळ घेतले. उत्तर जरा लांबेल.

हो, होतं, आणि चांगलं दणदणीत होतं. १९२५च्या जुलैत जर्मनीतल्या फ्रँकफर्टला पहिलं कामगार ऑलिंपिक भरलं. राष्ट्रगीतं नाहीत, देशोदेशीचे झेंडे नाहीत, सगळी पथकं लाल झेंड्याखाली. घोषणा होती ‘युद्ध पुन्हा नको’. सातच वर्षांपूर्वी यातले कित्येक जण खंदकांत एकमेकांसमोर बंदुका धरून बसले होते, तेव्हा ती घोषणा शोभेची नव्हती. १९३१ला व्हिएन्नात दुसरं झालं. त्यासाठी शहरानं प्राटर स्टेडियम बांधलं, ते आजही उभं आहे. भाग घेणाऱ्यांचा आकडा ऐंशी हजारांच्या घरात सांगतात. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ‘खऱ्या’ ऑलिंपिकला तेराशेच्या आसपास खेळाडू होते. अर्थात ही तुलना सरळ नाही. व्हिएन्नाच्या आकड्यात सामूहिक कवायती आणि मैदानावरचे देखावेही धरलेले आहेत. पण आयोजकांना नेमकं तेच हवं होतं. बघणारे कमी आणि उतरणारे जास्त.

हे सगळं आलं कुठून? जर्मनीत समाजवाद्यांवरची बंदी १८९०ला उठली आणि १८९३ला गेरा गावात कामगारांच्या व्यायाम संघटनांचा संघ झाला. १८९६ला सायकलवाल्यांचा निघाला. १९१३ला बेल्जियममधल्या गेंटला निरनिराळ्या देशांचे कामगार क्रीडा संघ पहिल्यांदा एकत्र बसले. युद्धानंतर १९२०ला स्वित्झर्लंडच्या लुसर्नला आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. लगेच १९२१ला मॉस्कोच्या कम्युनिस्टांनी आपली वेगळी चूल मांडली आणि १९२८ला स्वतःचं ‘स्पार्ताकियाड’ भरवलं. दोन्हीकडे कामगारच, पण एकमेकांच्या स्पर्धेत जायचं नाही असा हट्ट. आपल्याकडे एका गल्लीत दोन गणपती बसतात तसंच.

या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मात्र कुठल्या अधिवेशनात घडलं नाही. नोव्हेंबर १९१८ला जर्मनीत आठ तासांचा कामाचा दिवस झाला आणि त्यानंतर हे कामगार संघ फुगत गेले. फ्रान्समध्ये १९३६ला चाळीस तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, त्याच सरकारनं लेओ लाग्रांज यांच्याकडे क्रीडा आणि फुरसत अशी दोन्ही खाती एकत्र दिली. फुरसतीचं खातं! आपल्याकडे असं खातं निघालं तर लोक हसतील. पण त्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. माणसाला खेळायची इच्छा असतेच, ती निर्माण करावी लागत नाही. अडतं ते वेळेपाशी आणि जागेपाशी.

१९३६चा उन्हाळा चमत्कारिक होता. हिटलरच्या बर्लिन ऑलिंपिकला उत्तर म्हणून बार्सिलोनात ‘लोक ऑलिंपिक’ ठरलं होतं. हजारो खेळाडू शहरात पोहोचले होते. १९ जुलैला उद्घाटन, आणि त्याच पहाटे रस्त्यांवर गोळीबार सुरू झाला, स्पेनचं यादवी युद्ध पेटलं. स्पर्धा झालीच नाही. काही परदेशी खेळाडू परत न जाता तिथेच लढायला राहिले. आणि आपल्याला आठवावं असं हे की, त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवत होतं. १९३७ला अँटवर्पला शेवटचं मोठं कामगार ऑलिंपिक झालं. तोवर जर्मनीतले संघ १९३३ला आणि ऑस्ट्रियातले १९३४ला सरकारनं मोडून काढले होते.

आता ‘हौशी’चं. तुम्ही विचारलंत की पगारी कामगार हौशी कसा. तुमच्याआधी इंग्लंडात हा प्रश्न फार वाईट पद्धतीनं विचारला गेला. हेन्लीच्या नौकाशर्यतीच्या १८७९च्या नियमात कारागीर आणि मजूर हौशी धरले जात नसत. खेळाचे पैसे घेतले म्हणून नाही, हातानं काम करून पोट भरतात म्हणून! कष्टानं कमावलेलं अंग हा म्हणे गैरफायदा. १९२०ला फिलाडेल्फियाचा जॉन केली तिथे नाकारला गेला. एकेकाळी तो विटा रचायचं काम करायचा. त्याच वर्षी त्यानं अँटवर्प ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेतलं. १९३६ला ऑस्ट्रेलियाच्या चमूलाही दार बंद, कारण त्यातले गडी पोलीस शिपाई होते. मग ओरड झाली आणि १९३७ला तो नियम गेला.

आपल्या गावात हाच प्रश्न किती वेगळ्या रीतीनं सुटला ते बघा. होळकरांचा क्रिकेट संघ चार वेळा रणजी करंडक जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. सी. के. नायडू होळकरांच्या फौजेत कर्नल, मुश्ताक अली कॅप्टन. पगार फौजेचा, काम मुख्यतः मैदानावर. कोणी याला ढोंग म्हणेल. मी म्हणत नाही. महाराजांनी त्या माणसांना खेळायला वेळ दिला आणि तो पगाराच्या रूपानं दिला. हौशी-व्यावसायिक हा सगळा वाद मुळात खेळायच्या वेळेचे पैसे कोण भरतं, याचा आहे. श्रीमंत माणूस स्वतःच्या खिशातून भरतो, म्हणून तो ‘शुद्ध हौशी’. तुमचा मशीनवरचा पोरगा ओव्हरटाइम सोडून व्हॉलीबॉलला येतो, तेव्हा तोही खिशातूनच भरतो. त्याला हौशी म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता इंदूरच्या गिरण्यांकडे येतो. त्याशिवाय पीथमपूरचं कोडं उलगडणार नाही.

मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल, भंडारी या गिरण्या चालू होत्या तेव्हा परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर भागात तालमींना तोटा नव्हता. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, तुम्ही पाहिल्याच असतील. हुकुमचंद मिलच्या कामगारांनी १९२०च्या दशकात ती प्रथा पाडली, आणि झांक्यांबरोबर आखाडेही निघतात. लाठी, बनेटी, तलवारीचे हात, रात्रभर. बघणाऱ्याला ती एका रात्रीची मौज. पण त्या एका रात्रीसाठी पोरं महिनोन्‌महिने तालमीत घाम गाळायची. वस्ताद संध्याकाळी हौदाशी उभा, लाल माती उकरलेली, आणि पाळी सुटली की गडी सरळ तिथे. घर, गिरणी आणि तालीम तिन्ही पायी चालण्याच्या टप्प्यात. भोंगा वाजला की अर्ध्या तासात माणूस लंगोट कसून जोर-बैठका काढायला लागलेला.

हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ला बंद पडली. हातात पडायला हवा होता तो पैसा कामगारांना मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. त्या बत्तीस वर्षांत किती जण गेले त्याचा हिशेब परदेशीपुऱ्यातल्या ओटल्यांवर अजून ऐकायला मिळतो. तालमी ओस पडल्या त्याला लोक मोबाइलला जबाबदार धरतात. मोबाइल फार नंतर आला. आधी पाळी गेली, ठरलेली संध्याकाळ गेली, पायी जायचं अंतर गेलं.

तुमच्या कामगाराचा दिवस आता मांडून बघा. इंदूरहून कंपनीची बस पकडायची, जायला तास-सव्वा तास, पाळी, परत तेवढाच वेळ. पाळी सुटल्यावर जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत बस निघते. तो खेळणार कधी? रविवारी? रविवारी त्याला गॅसची टाकी आणायची असते, पोराची फी भरायची असते, सासुरवाडीला जायचं असतं. म्हणून व्यवस्थापनाकडे जाल तेव्हा करंडक, टी-शर्ट, स्पीकर यातलं काही मागू नका. ते एचआरवाले आनंदानं देतात, फोटो काढतात आणि वर्षभर सुटतात. एकच मागा: आठवड्यातून दोन दिवस, पहिल्या पाळीची एक बस पाऊण तास उशिरा सोडा. एकच बस. ज्याला खेळायचं तो थांबेल, बाकीचे नेहमीच्या गाड्यांनी जातील. हे मिळालं तर तुमचं अर्धं काम झालं. नाही मिळालं तर पीथमपूरमध्येच भाड्याच्या खोल्यांवर राहणाऱ्या मुलांपासून सुरुवात करा. त्यांना बस नाही, आणि संध्याकाळी करायलाही काही नसतं.

ही मुलं बहुतेक ठेकेदारीवरची असतात. मी पाहिलेल्या एका कारखान्यात वार्षिक क्रीडा दिनाचं आमंत्रण फक्त कायम कामगारांना असायचं, आणि ठेक्यावरची पोरं खुर्च्या मांडायला. तुमच्या गटात असला भेद पहिल्या दिवसापासून ठेवू नका. टोपीच्या रंगावरून संघ पाडायचे नाहीत. शॉप फ्लोअरवर ज्याला ‘ए’ म्हणून हाक मारतात तो नेटपाशी चांगला स्मॅशर निघाला की लोक त्याला नावानं बोलवायला लागतात.

पक्के संघ करू नका. पाळ्या दर आठवड्याला फिरतात. सहा जणांच्या संघातले दोघं रात्रपाळीला गेले की संघ मोडतो आणि त्याबरोबर उत्साहही. त्यापेक्षा नावांचा एक साठा ठेवा. जे त्या दिवशी आले त्यांच्यातून मैदानावरच चिठ्ठ्या टाकून बाजू पाडा आणि गुण माणसाच्या नावावर लिहा. महिन्याअखेर कोण जिंकलं यापेक्षा कोण किती वेळा आलं, याची यादी लावा. रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी खेळायला बोलावू नका. त्यानं झोपायचं असतं.

खेळ कोणता? व्हॉलीबॉल. अठरा मीटर बाय नऊ मीटर जागा, एक जाळी, एक चेंडू, बारा माणसं एकदम हलतात. पुरुषांची जाळी नियमानं २.४३ मीटरवर असते. तुम्ही ती खाली बांधा, बायकांच्या २.२४वर आणलीत तरी कोणी तक्रार करणार नाही. कबड्डीला माती मऊ हवी. मुरमाच्या जागेवर खेळवाल तर गुडघे जातील. आणि क्रिकेट सगळेच मागतील, मला माहीत आहे. क्रिकेटशी माझं भांडण एवढंच की कामावरून दमून आलेले वीस जण उन्हात उभे राहतात आणि एक खेळतो. खेळायचंच तर सहा-सहा जणांचं खेळा, प्रत्येकानं एक षटक टाकायचं, जोडीनं ठरावीक चेंडू खेळायचे, आउट झाल्यास धावा वजा, पण बाहेर जायचं नाही.

फ्रान्समधल्या एफएसजीटी या कामगार क्रीडा महासंघाची एक युक्ती मला फार आवडते. हा महासंघ १९३४च्या डिसेंबरात समाजवादी आणि कम्युनिस्ट संघांनी अखेर भांडण मिटवून काढला. त्यांचा सात जणांचा फुटबॉल पंचाशिवाय चालतो. फाउल झाला की ज्यानं केला तो सांगतो, घसरत जाऊन पाय मारायला बंदी आणि बदली खेळाडू हवे तितके. तुमच्याकडे हे पहिल्या दिवशी जमणार नाही, थोडा आरडाओरडा होईल. होऊ द्या. शिट्टी सुपरवायझरच्या हातात गेली की तो खेळ राहत नाही, पाळीचा नववा तास होतो. आणि तुम्ही सुपरवायझर आहात, हे विसरू नका.

बायकांचं वेगळं सांगतो. पॅकिंग आणि असेंब्लीत आता बऱ्याच बायका आहेत आणि त्यांना ‘या की खेळायला’ एवढं म्हणून भागत नाही. मैदानाजवळ चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, उजेड आणि घराच्या वळणापर्यंत सोडणारी गाडी, हे तीन आधी. मग खेळ. इस्रायलमध्ये आयांसाठी ‘मामानेट’ म्हणून खेळ काढला गेला. व्हॉलीबॉलच, पण चेंडू झेलायची मुभा. शाळेनंतर कधी चेंडूला हात न लावलेली बाईही पहिल्या दिवसापासून खेळू शकते. कामगारांच्या जागतिक स्पर्धेत आता तो असतो. आपल्याला तो आयात करायची गरज नाही, कारण आपल्याकडे थ्रोबॉल आहे. मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे हॅरी क्रो बक यांनी १९४०च्या दशकात तो इथे रुजवला आणि आपल्या कितीतरी मुली शाळेत तो खेळल्या आहेत. त्या आठवणीवर गट उभा राहतो.

चाळिशीपुढच्या लोकांना शंभर मीटर पळवू नका. वर्षभर न हललेला माणूस क्रीडा दिनाला बॉसच्या समोर जीव तोडून पळतो, आणि मग पोटरी फाटते किंवा त्याहून वाईट होतं. त्यांना पहिले सहा आठवडे भरभर चालणं, मग हलकं व्हॉलीबॉल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. दोन पाऊण तास आणि रोज घर ते बसथांबा भरभर चालणं, एवढ्यात खालची मर्यादा गाठता येते. छातीत, डाव्या हातात, जबड्यात काहीही वाटलं की थांबायचं, हे दर वेळी मोठ्यानं सांगा. ऐकून कंटाळले तरी सांगा.

‘सर्वांसाठी खेळ’ ही चळवळ मात्र कामगारांच्या चळवळीहून वेगळ्या घरात जन्मली. युरोप परिषदेनं १९६६ला ही कल्पना उचलली. नॉर्वेत १९६७ला लोकांना हलतं करायची ‘ट्रिम’ मोहीम निघाली, १९७०ला पश्चिम जर्मनीनं ती मोठ्या जाहिरातबाजीनं चालवली. १९७८ला युनेस्कोनं सनदच काढली की शारीरिक शिक्षण आणि खेळ हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. आपलं ‘फिट इंडिया’ २९ ऑगस्ट २०१९चं. जर्मनीची मोहीम यशस्वी झाली म्हणून तिची उदाहरणं देतात तेव्हा एक गोष्ट गाळली जाते. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६०च्या सुमारास त्यांनी ‘सोनेरी योजना’ आखली होती. गावोगाव मैदानं, व्यायामशाळा, तरण तलाव किती कमी आहेत ते मोजून पंधरा वर्षांत ती भर काढायची. म्हणजे ‘चला, हला’ असं सांगायला ते गेले तेव्हा जायला जागा तयार होत होती. आपण उलट करतो. आधी घोषणा, मग सेल्फी पॉइंट, मैदानाचं नंतर बघू. नेहरू पार्कमध्ये सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांचं मला कौतुकच आहे, पण त्यांच्याकडे सकाळ आहे. तुमचा माणूस तेव्हा बसमध्ये डुलक्या घेत असतो.

आता परदेशी जाण्याचं. लुसर्नच्या त्या जुन्या संघटनेची वारसदार १९४६ला ब्रुसेल्समध्ये उभी राहिली, तिचं संक्षिप्त नाव सीएसआयटी. कार्यालय व्हिएन्नात, १९८६ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली. २००८ला इटलीतल्या रिमिनीपासून तिच्या जागतिक क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. २०२३ला इटलीतल्याच चेर्वियात, २०२५ला ग्रीसमधल्या लुत्राकीत झाल्या. लाल झेंडे आता नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर आठवडाभर खेळ आणि संध्याकाळी गाणी, असा मोकळा मामला. प्रवेश मुख्यतः सदस्य संघटनांमार्फत असतो, तेव्हा कोणाच्या मध्यस्थीनं न जाता व्हिएन्नाच्या कार्यालयाला थेट पत्र लिहून विचारा. तिकीट, व्हिसा, राहणं हे सारं पदरचं. एका कामगाराला तो खर्च काही महिन्यांच्या पगाराएवढा पडतो, आणि हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

इथे एक धोका आहे आणि इंदूर-उज्जैनकडे तो मी फार पाहिला. ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धेत निवड’ असं पत्र येतं. स्पर्धा शेजारच्या एखाद्या देशात, संघटनेच्या नावात वर्ल्ड किंवा एशियन, निवड चाचणी नाही, पण भरायची रक्कम मात्र स्पष्ट. तिथे चार संघ असतात, त्यातले तीन आपल्याकडचेच. मुलगा पदक घेऊन येतो, गल्लीत ढोल वाजतात, आणि नोकरीच्या खेळाडू कोट्यात ते प्रमाणपत्र कोणी हातात धरत नाही. विचारायचे प्रश्न साधे आहेत. चाचणी कुठे झाली? या संघटनेला भारतात कोणाची मान्यता आहे? पैसे कोणाच्या खात्यात जातात? सरकारी कोट्यासाठी कोणत्या स्पर्धा धरतात, ती यादी स्वतः वाचा, दलालाला विचारू नका. तुमच्या गटातल्या एखाद्या पोराच्या आईनं मंगळसूत्र गहाण ठेवण्याआधी हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत, आणि ते विचारायचं काम तुमचं.

संस्था नोंदवायची का, असंही विचारलंत. मध्य प्रदेशात १९७३च्या सोसायटी कायद्यानं सात जण लागतात, काम अवघड नाही. पण पहिल्या वर्षी नको. नोंदणी झाली की अध्यक्ष कोण यावर सहा महिने जातात आणि जाळी गोदामात पडून राहते. एक वही ठेवा, तारीख आणि आलेल्यांची नावं. वर्षभर ती भरत गेली तर व्यवस्थापनाकडे, श्रम कल्याणवाल्यांकडे किंवा नगरपालिकेकडे मैदान मागायला तीच पुरावा म्हणून चालेल.

सुरुवात दसऱ्यानंतर करा. पावसाळ्यात पीथमपूरच्या काळ्या मातीत उभं राहता येत नाही, आणि मे महिन्यात कोणी येणार नाही. जाळीचे खांब विकत घेऊ नका, फॅब्रिकेशनवाल्यांना सांगा. भंगारातल्या पाइपांतून ते दोन दिवसांत बनवून देतील आणि मग तेच सगळ्यात आधी खेळायला येतील.